दादाची हिरवी टिकली

टिकलीला शिव्या घालणाऱ्या लोकांचा मला राग येतो. सभा घेतात, फलक धरतात, यंत्रानं आमची लेकरं खाल्ली म्हणून गळे काढतात. अहो, यंत्र कशाला खाईल? टिकली खरं बोलत होती. तिच्याइतकं खरं आमच्या घरात, क्लासमध्ये, अख्ख्या लातुरात कुणी बोलत नव्हतं. म्हणून तर तिची जागा बदलावी लागली.

मी शर्वाणी हलकुडे. घरी शरू. ही गोष्ट माझ्या दादाची, चैतन्यची. तो बारावीत होता तेव्हा मी सातवीत होते. आम्ही मूळचे निलंग्याचे, लिंगायत. बाबा तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आजोबा शेतातल्या खोलीत राहायचे, आणि आई आम्हा दोघांना घेऊन लातुरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिली होती. आमच्या गल्लीत सगळी बिऱ्हाडं अशीच. एक आई, एक बारावीचं लेकरू आणि शनिवारी पिशवी घेऊन येणारा बाप. लेकराला डॉक्टर करायचं म्हणून संसाराचे दोन तुकडे करायचे, याचं आमच्याकडे कुणालाच काही वाटत नाही.

टिकली म्हणजे काय ते मला बाबांनीच समजावलं होतं. रुपयाच्या नाण्याएवढा, कातडीच्या रंगाचा एक चिकट तुकडा. डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाखाली चिकटवायचा. बाबा म्हणायचे, "माणूस उदास होतो ना शरू, तो आधी अंगातून होतो. मनाला ते मागाहून कळतं." जखम झाली की शरीरात सूज येते आणि काही प्रथिनं वाढतात. मन बरेच दिवस दडपणाखाली राहिलं तरी तीच प्रथिनं वाढतात आणि अगदी थोडी थोडी घामात उतरतात. टिकली तो घाम चाखायची. दुसरं काम ठोके मोजायचं. धडधाकट माणसाचं हृदय घड्याळासारखं एकसुरी चालत नाही. श्वास आत घेतला की ठोके जवळ येतात, सोडला की लांबतात. मन खचायला लागलं की हा सैलपणा जातो, ठोके ताठ होतात. या दोन्हींची सांगड घातली की पोरगं ढासळणार आहे हे तीन आठवडे आधी सांगता येतं, त्याला स्वतःला कळायच्या आधी.

घामाचं मोजमाप संथ, त्यावरून फोनवर हिरवा किंवा पिवळा रंग दिसायचा. ठोके आणि श्वासाचं मात्र लगेच, जरा घाबरलं तरी हिरवा क्षणात पिवळट व्हायचा. कुणी एकदम कोसळलं तर रंग तांबडा व्हायचा आणि मनआरोग्य केंद्राची गाडी सुटायची. रडताना माणूस श्वास हुंदक्यांनी आत ओढतो आणि हसताना फेकतो बाहेर, तेवढ्यावरून टिकली दोन्ही ओळखायची. हसू खरं की ओढूनताणून आणलेलं, हे मात्र तिला कळायचं नाही.

बाबा तेव्हा गावोगावी जाऊन टिकलीवर भाषणं द्यायचे. टाळ्या पडायच्या. आणि का पडू नयेत? पहिल्या वर्षी कितीतरी पोरं वाचली. अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलाला टिकली बंधनकारक झाली. मुलं कुठे जातात, कुणाला भेटतात यावर पाळत नको म्हणून ठिकाण सांगायची सोय त्यात मुद्दाम ठेवली नव्हती. फक्त रंग आणि ठोके. आणि एक कलम घातलं, पिवळ्या मुलावर अभ्यासाचा ताण टाकला आणि त्याचं काही बरंवाईट झालं, तर क्लासचा मालक तुरुंगात.

किती चांगला कायदा! मालकांनी तो अगदी मनापासून पाळला. पिवळं पोरगं दिसलं की बाहेर.

दादाच्या बाकावर साकिब म्हणून अहमदपूरचा मुलगा बसायचा. पहिल्या तुकडीतला, रसायनशास्त्रात दादाच्याही पुढे. तो आठवडाभर पिवळा राहिला. वलांडे सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, सगळ्या वर्गासमोर त्याला छातीशी धरलं. म्हणाले, "बाळा, तुझ्या तब्येतीपेक्षा परीक्षा मोठी आहे का? उद्यापासून तू विसाव्यात बस."

विसावा ही खालच्या मजल्यावरची तुकडी. तिथे मऊ गाद्या होत्या, माशांची पेटी होती, मंद गाणी लावायचे. शिकवायचे मात्र निम्मंच. त्या खोलीतून आजवर कुणी डॉक्टर झालेलं नव्हतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. साकिबचे अब्बा महिन्याभरानं आले आणि त्याला घरी घेऊन गेले. दुकानात बसतो, रात्री शांत झोपतो, गालांवर मांस आलंय, असं दादानं सांगितलं.

आई म्हणाली, "आगं माय! सोन्यासारख्या पोराचं वाटोळं झालं की."

त्यानंतर पंधरा दिवसांत दादा पिवळा झाला.

मला तो दिवस आठवतो. आई फोन हातात घेऊन दारात उभी होती, दादा बूट काढत होता. तिनं त्याच्या तोंडासमोर फोन धरला. "हे काय आहे?"

"पिवळा आहे," दादा म्हणाला.

"दिसतंय मला. कशानं झाला? काय कमी आहे तुला? सांग की, काय हवंय?"

दादानं खरंच विचार केला. मग म्हणाला, "झोप हवीय. आणि थोडे दिवस निलंग्याला जाऊ दे. आजोबांकडं."

"ते सगळं परीक्षेनंतर. आत्ता फक्त आनंदी राहायचं. चार दिवस आनंदी राहायला काय जातंय तुझं?"

दादानं प्रयत्न केला बिचाऱ्यानं. आनंदी व्हायला बसला. आई दर तासाला फोन बघायची, आणि ती बघतेय म्हणून दादाचे ठोके आणखी ताठ व्हायचे. शनिवारी बाबा आले. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि आलेख वरून खाली पाहिला. ते गावोगावी सांगायचे ना, टिकली पिवळी झाली तर मुलाजवळ बसा, त्याचं ऐका, ओझं उतरवा. सगळं तोंडपाठ होतं त्यांना. ते उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"एक रस्ता आहे," ते म्हणाले. "टिकली माणसाला ठोक्यांवरून ओळखते. पण मोठा ताप येऊन गेला की ठोके बदलतात. म्हणून ताप कळवला की ती जुनी ओळख पुसते आणि आठवडाभर नव्यानं शिकते. त्या आठवड्यात ती ज्याच्या अंगावर असेल, त्याला ती चैतन्य समजेल."

"मग माझ्या अंगावर लावा," आई म्हणाली.

बाबा हसले. "तुझ्या? दुसऱ्या दिवशी गाडी येईल दारात."

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यात शेंगा फोडत होते, आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. आमच्या घरात हिरवं माणूस एकच होतं.

अंगात ताप असताना थर्मामीटर दुसऱ्याच्या काखेत लावायचा, एवढी साधी गोष्ट. पण माझे आईबाप त्या रात्री किती खूश होते! आईनं मला मांडीवर घेतलं. म्हणाली, "तू दादाला राखी बांधतेस की नाही? रक्षण कर म्हणून? आता तू त्याचं रक्षण करायचं. त्याची टिकली तू सांभाळायची. कुणाला म्हणून बोलायचं नाही. कळलं तर दादाला परीक्षेला बसू देणार नाहीत आणि बाबांची नोकरी जाईल."

मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मी बारा वर्षांची होते, आणि दादा माझा देव होता.

आठवड्यानं दादा हिरवागार झाला. आईनं पेढे वाटले. दादालाही सुरुवातीला सुटल्यासारखं वाटलं असणार, कारण निदान तासातासाला फोन बघणं बंद झालं. आता सगळे मला बघायला लागले.

मला रागवायचं नाही असा घरात नियमच झाला. शाळेत गणिताच्या पेपराला मी रडकुंडीला येते म्हणून त्या दिवशी मला घरीच ठेवायचे. हवं ते खायला, हवं ते बघायला. माझी मैत्रीण माझ्याशी भांडली तर आई तिच्या घरी जाऊन तिला चॉकलेट देऊन आली. भूत, मारामारी, रडारडीचं काही माझ्या कानावर पडू द्यायचे नाहीत. आणि संध्याकाळी, दादा क्लासहून दमून आला की आई त्याला म्हणायची, "जा, शरूला हसव जरा. तुझाच रंग आहे तो."

दादाला नकला छान यायच्या. चौदा तास अभ्यास करून आलेलं पोरगं दप्तर टाकायचं आणि माझ्यासमोर वलांडे सर होऊन पोट पुढे काढून चालायचं. "पोरांनोऽऽ, झोप ही सवय आहे! सवय सोडता येते!" मी गडाबडा लोळायचे. मग तो हातपाय धुऊन पुन्हा पुस्तकात डोकं घालायचा. कधी कधी मध्येच थांबायचा, नक्कल अर्धी सोडून भिंतीकडे बघत राहायचा. मी त्याला ढोसायचे, "पुढं काय? सांग की!" आणि तो सांगायचा.

क्लासमध्ये महिन्यातून एकदा समुपदेशक मॅडम यायच्या. होळंबे मॅडम. दादा एकदा त्यांच्याकडे स्वतः होऊन गेला होता. तो प्रसंग त्यानं मला करून दाखवला. स्वतः खुर्चीत बसून, चष्मा नाकावर ओढून, बारीक आवाजात.

"'बोल चैतन्य.' 'मॅडम, मला काहीच नको वाटतं.' 'थांब हं, बघते मी. अरे, काय गोड आलेख आहे तुझा! सगळा हिरवा!' 'पण मॅडम, मला सकाळी उठावंसं वाटत नाही.' 'चैतन्य, स्क्रीनकडे बघ. तुझ्या वयात असं वाटतं कधी कधी. पण शरीर खोटं बोलत नाही, राजा. तुझं शरीर म्हणतंय तू मजेत आहेस!' 'हो का मॅडम? मला सांगायला विसरलं वाटतं शरीर.'"

मी इतकी हसले की माझ्या पोटात कळ आली. आई आतून म्हणाली, "अस्सं! हसा रे हसा." आणि तिनं फोन बघितला.

तो खरंच गेला होता मॅडमकडे, खरंच हे सगळं बोलला होता, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं गंमत आहे. टिकली माझी नाही हे एक वाक्य तो तिथं बोलू शकत नव्हता. बोलला असता तर परीक्षा गेली असती आणि बापाची नोकरी. बाकी सगळं त्यानं सांगून पाहिलं. पण आता पोरांच्या तोंडाकडं कोण बघणार? स्क्रीन आहे ना.

जानेवारीत आई आणि दादा एका लग्नासाठी निलंग्याला गेले. मला नेलं नाही. शेजारच्या काकूंकडे ठेवलं, पिझ्झा मागवला, नवीन रंगपेटी दिली. दुसऱ्या दिवशी दादा परतला, त्याच्या चपलांना काळी माती लागलेली होती. मी विचारलं, "कसं झालं लग्न?"

आई त्याच्या मागे उभी होती. दादानं वळून तिच्याकडे पाहिलं. मग सुरू झाला. नवरदेवाची घोडी डीजेला कशी बुजली, नवरदेव फेटा धरून कसा लोंबकळला, मामा मध्ये पडले तर घोडीनं त्यांचंच धोतर कसं धरलं. मी हसून हसून जमिनीवर आडवी झाले. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं त्यालाही हसू आवरत नाहीये.

"आजोबा आले होते का लग्नाला?" मी विचारलं.

"होते की," दादा म्हणाला. "सगळे त्यांच्याच भोवती होते."

त्यानंतर आजोबांचा फोन लागेना. बाबा म्हणाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला आत्याकडे सोलापूरला गेलेत, डोळ्याला पट्टी आहे, फोन बघायचा नाही. मी आजोबांसाठी चित्रं काढून ठेवायला लागले.

डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा मे महिन्यात होती. आदल्या रविवारी आई आणि बाबा सकाळी सिद्धेश्वराला गेले, दादाच्या पेपरासाठी अभिषेक करायला. दादा आणि मी घरी. मी म्हटलं, "दादा, कर की काहीतरी."

"आज गंमत नाही," तो म्हणाला. "इकडं ये. बस." मी बसले. "शरू, आजोबा गेले. जानेवारीतच गेले. ते लग्न नव्हतं. आपल्या शेतात लिंबाखाली पुरलं त्यांना. मी माती दिली."

मी आधी हसले. मला वाटलं ही नवीन नक्कल. मग मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. किती महिन्यांनी नीट पाहिलं असेन! डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, गळ्याची हाडं वर आलेली. तिथं टिकली असायला हवी होती.

मी रडायला लागले. असं रडले की श्वास मिळेना. आजोबांसाठी रडले, मला सोडून सगळे गेले म्हणून रडले, घोडीवर हसले म्हणून रडले. दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रड," तो म्हणाला. "हवं तितकं रड. आई आली तरी थांबू नकोस. कळलं? थांबायचं नाही."

त्याच्या दुसऱ्या हातात फोन होता. त्यावर रंग तांबडा झाला तसा त्यानं एक मोठा श्वास सोडला. "येईल आता गाडी," तो म्हणाला. मला वाटलं, मला न्यायला येतेय.

आज मला सगळं लख्ख दिसतं. माझ्या दादाला स्वतःचं दुःख जगाला कळवायला दुसरा रस्ताच ठेवला नव्हता कुणी. मला रडवल्याशिवाय त्याची हाक बाहेर जात नव्हती. किती दिवस त्यानं ते टाळलं असेल! मला हसवत राहिला, हसवत राहिला, आणि अगदीच उरलं नाही तेव्हा त्यानं मला रडवलं.

केंद्रातून आईलाही फोन गेला होताच. रिक्षातून उतरून दोघं धावत आले. आईच्या कपाळाला अंगारा, हातात नारळ. तिचा फोन वाजत होता. पलीकडून कुणी बाई म्हणत होती, "चैतन्य हलकुडेंचं घर ना? घाबरू नका, गाडी निघालीय, दहा मिनिटांत पोचेल. त्याच्याजवळ कुणी आहे ना?"

"आहे आहे, आम्ही आहोत," आई म्हणाली आणि तिनं फोन छातीशी दाबला. "काय सांगितलंस तिला?"

"खरं सांगितलं," दादा म्हणाला. "येऊ दे ना गं आई गाडी. एकदा येऊ दे."

"आठवडा राहिलाय रे! एक आठवडा!" तिनं त्याला दंडाला धरून आतल्या खोलीत ढकललं आणि कडी लावली. मग ती माझ्याकडे वळली, आणि तिचा चेहरा एकदम गोड झाला. ते मला अजून आठवतं. "शरू, बाळा, चेष्टा केली दादानं! आजोबा आहेत गं! खोटारडा आहे दादा, त्याला मारूया आपण. बघ, बाबा बघ कसे करतायत!"

बाबा, पन्नाशीचे मास्तर, गुडघ्यांवर बसले आणि म्हशीसारखे हंबरले. गळ्यातलं उपरणं शेपटीसारखं हलवलं. आतून दादा दार ठोकत होता. "शरू, थांबू नकोस! थांबू नकोस गं!"

आईनं मला खाली पाडलं आणि गुदगुल्या करायला लागली. काखेत, पोटावर, तळपायांना. नाही नाही म्हणत मी लाथा झाडल्या. पण गुदगुल्यांपुढं कुणाचं चालतं? आधी हुंदका आणि हसू एकत्र आलं. मग बाबा पुन्हा हंबरले. आणि मी हसले. श्वास बाहेर, बाहेर, बाहेर. हसू काही केल्या थांबेना. आईचा एक हात माझ्या पोटावर होता आणि दुसऱ्या हातात फोन. तांबडा गेला. पिवळा आला. पिवळ्यातही फिकट.

फोनवरची बाई म्हणाली, "निवळला बघा. परीक्षेच्या आधी येतं असं पोरांना. गाडी माघारी बोलावते. ऑल द बेस्ट सांगा त्याला."

"सांगते ताई, सांगते. देव भलं करो तुमचं."

आईनं कडी काढली. दादा बाहेर आला. त्यानं बाबांकडे पाहिलं नाही, ते अजून गुडघ्यांवरच होते. आईकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं माझे केस सारखे केले, चपला घातल्या आणि म्हणाला, "पेन आणायला जातो."

दुपारपर्यंत आला नाही. संध्याकाळपर्यंत आला नाही. त्याचा फोन घरीच होता. आई आणि बाबा मला घेऊन पोलीस चौकीत गेले. मला घरी ठेवलं असतं तर मी घाबरले असते, म्हणून नेलं. बाबांचं पाकीट हरवलंय, असं मला सांगितलं. बाकावर बसवून कानात कार्टून लावून दिलं. मी आवाज बंद केला.

फौजदारांनी आधी आईचा फोन मागितला. रंग बघितला आणि खुर्चीत मागे रेलले. "अहो मास्तर, पोरगं हिरवं आहे की. ठोके व्यवस्थित, श्वास व्यवस्थित. कुठंतरी आईस्क्रीम खात बसलं असेल. तुम्ही स्वतः टिकलीवर भाषणं देता ना? मी ऐकलंय तुमचं एक."

बाबांचं तोंड उघडलं. मी स्पष्ट पाहिलं, ते बोलणार होते. ती टिकली त्याची नाही, एवढंच बोलायचं होतं. आईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. हळूच म्हणाली, "येईल तो. आठवड्याचा प्रश्न आहे. येईल." बाबांनी तोंड मिटलं.

मी फ्रॉकवरून टिकलीवर हात ठेवला. दादा हरवलाय आणि हे माझे ठोके मोजतायत, हे मला कळलं. छाती धडधडायला लागली. फौजदार फोन बघतच होते. "हां, आता जरा पिवळट झाला," ते हसून म्हणाले. "सिग्नलला अडकला असेल. चला, घरी जा, जेवा. उद्यापर्यंत नाही आला तर बघू."

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि मानेनं नाही म्हणाली. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशीही तो हिरवाच होता. मला सहलीला नेल्यासारखं बागेत नेलं होतं. मंगळवारी सकाळी निलंग्याहून काकांचा फोन आला. दादा सापडला होता. शेतात, लिंबाखाली, आजोबांना पुरलं तिथं. रविवारीच सगळं संपलं होतं. बाबांनी माझ्याकडे येऊन माझ्या अंगावरची टिकली ओढून काढली आणि निलंग्याला जाताना खिशात घातली. कातडी सोलवटली.

सरकारी डॉक्टरांनी अहवालात आधी रविवार लिहिला होता. मग कुणीतरी टिकलीची नोंद दाखवली, मंगळवार सकाळपर्यंत ठोके चालू होते, आणि तेही आनंदी. डॉक्टरांनी वेळ दुरुस्त केली. यंत्राशी कोण वाद घालणार?

वलांडे सर भेटायला आले. हार आणला होता. दादाचा आलेख मोठ्या कागदावर छापून आणला होता. "बघा मास्तर, शेवटपर्यंत हिरवा होता पोरगा. आमच्या क्लासमध्ये त्याला कसलाही त्रास नव्हता. हा निव्वळ अपघात आहे." असं म्हणून त्यांनी क्लासविरुद्ध तक्रार नसल्याचा कागद पुढे केला. माझ्या बाबांनी मान हलवली. काय करतील? नाही म्हणायचं तर टिकली कुणाच्या अंगावर होती ते सांगावं लागलं असतं. त्यांनी सही केली आणि सरांना चहा दिला.

आम्ही निलंग्याला परत आलो. बाबांनी भाषणं बंद केली, शाळा चालू ठेवली. मला कुणी काही समजावलं नाही. हस म्हणालं नाही की रड म्हणालं नाही. आई महिनाभर माझ्याशी बोलतच नव्हती. वाढायची, उचलायची, वेणी घालायची, पण बोलायची नाही. मला वाटायचं, तिला स्वतःची लाज वाटत असेल. लहान होते ना.

एक दिवस मी चुलीसमोर बसले होते. ती भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही, हातही थांबवला नाही.

"त्या दिवशी हसलीस कशाला गं तू?" ती म्हणाली. "जरा वेळ रडत राहिली असतीस, तर गाडी आली असती दारात."